डंडीचा पैसा आणि डंडीचें काम

१

आपल्या घरांतील उपेक्षित वस्तूंची यादी करावयाची झाली, तर तींत गोणपाटाचा क्रमांक बराच वर लागेल. धान्य सांठवावयाचें झालें म्हणजे त्याची आठवण होते. तें रिकामें झालें कीं दारांत पाय पुसावयास पडतें. आणि अगदींच फाटलें म्हणजे मोरीच्या तोंडाशीं जाऊन त्याचा अवतार संपतो. परंतु ह्या गोणपाटाचें कुळ शोधूं गेल्यास तें थेट समुद्रापलीकडे जाऊन पोंचतें. इंग्रजी भाषेंतील ‘गनी’ हा शब्द मूळचा आपला ‘गोणी’, असें कोशकार सांगतात. प्रथम शब्द इकडून तिकडे गेला. मागाहून बंगालचा तागहि गेला. मग उलट दिशेनें तिकडून यंत्रें आलीं, पैसा आला, माणसें आलीं. आणि शेवटीं, स्कॉटलंडमधील ज्या गांवीं हा धंदा वाढला, त्या डंडी गांवची अखेरची ताग-गिरणी १९९९ सालीं बंद पडली, तेव्हां तिचीं यंत्रेंहि विकलीं जाऊन कलकत्त्याच्या वाटेला लागलीं.

हा इतिहास आज सांगावयास एक कारण घडलें आहे. दोन वर्षांपूर्वीं वर्गांत परदेशीं होणाऱ्या गुंतवणुकीचा विषय चालला होता. मीं ग्रंथोक्त मत सांगितलें कीं, एखादी कंपनी परदेशांत कारखाना काढते म्हणून तिच्या स्वदेशांतील काम घटतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें वाढतेंहि, आणि परदेशचा नफा तर घरींच येतो. तेव्हां मागच्या बाकावरून एक विद्यार्थी उठला आणि अगदीं शांतपणें म्हणाला, “सर, माझे वडील ज्या कारखान्यांत होते, त्या कंपनीनें बाहेर देशीं कारखाना घेतला आणि दीड वर्षांत इकडचें त्यांचें खातें बंद केलें. कंपनीचा नफा वाढला, हें खरें आहे. पण तो आमच्या घरच्या हिशेबांत कोठें मांडायचा?” मीं ‘दीर्घकाळांत’ वगैरे कांहींतरी बोललों. तेवढ्यांत घंटा झाली आणि मी सुटलों. प्रश्न मात्र सुटला नाहीं. तो मनांत घेऊन मी जुने ग्रंथ पुन्हा चाळूं लागलों, आणि डंडीपाशीं येऊन थांबलों. कारण पैसा बाहेर आणि माणसें घरीं, ही स्थिति त्या गांवानें शंभर वर्षें भोगलेली आहे.

२

परदेशीं भांडवल लावल्यानें घरच्या कामावर काय परिणाम होतो, ह्याचा विचार ॲडम स्मिथनें १७७६ सालींच करून ठेविला आहे. त्याच्या ग्रंथांतील ‘अदृश्य हात’ सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु तो कोणत्या प्रसंगानें तेथें आला, हें फारसें कोणी पाहत नाहीं. स्मिथचें म्हणणें असें कीं, व्यापारी मनुष्यास आपला पैसा नजरेसमोर असावा असें वाटतें. दूरदेशीं कोण प्रामाणिक, कोण लबाड, तेथला कायदा कसा, हें त्यास नीट कळत नाहीं. म्हणून नफा जवळजवळ सारखा असेल तर तो घरचाच उद्योग पसंत करतो, आणि आपल्या सुरक्षिततेपुरतें पाहत असतांना नकळत स्वदेशाच्या मजुरांस काम मिळवून देतो. थोडक्यांत, जें देशप्रेमानें व्हावयाचें तें भित्रेपणानें होतें.

स्मिथचें जन्मगांव कर्कॉल्डी. तें फाइफ परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. परगणा ओलांडून उत्तरेस गेलें आणि टे नदीचें रुंद मुख पार केलें, कीं डंडी लागतें. स्मिथच्या ग्रंथास शंभर वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ह्या शेजारच्या गांवानें त्या विधानाचा आधार काढून घेतला. तो कसा, हें समजण्यासाठीं आधीं डंडीच्या हातीं पैसा कोठून आला तें पाहिलें पाहिजे.

डंडी हें मूळचें अळशीच्या धाग्याचें गांव. रशियाकडून येणारा तो धागा कांतून तेथें जाडेंभरडें कापड विणीत. शिवाय तें व्हेल माशांच्या शिकारीचें बंदर होतें. बंगालचा ताग प्रथम तेथें आला तेव्हां त्याचा कोरडा, ठिसूळ धागा यंत्रांत टिकेना. पुढें व्हेलचें तेल आणि पाणी शिंपडून तो मऊ करण्याची युक्ति साधली, आणि १८३० नंतरच्या दशकांत ताग यंत्रावर कांतला जाऊं लागला. १८३८ सालीं डच सरकारनें आपल्या पूर्वेकडील वसाहतींतील कॉफीसाठीं तागाचीं पोतीं मागविलीं, आणि धंद्यास तोंड फुटलें. त्यानंतर दोन युद्धांनीं डंडीचें दैव उघडलें. क्रिमियाच्या युद्धांत (१८५३–५६) रशियाची अळशी अडली, म्हणून ताग पुढें आला. अमेरिकेच्या यादवी युद्धांत (१८६१–६५) पोतीं, तंबू आणि गाड्यांचीं आच्छादनें ह्यांना तोटाच पडला. दुसऱ्यांच्या लढायांवर डंडीच्या गिरण्या उभ्या राहिल्या. लॉकी येथील कॉक्स बंधूंच्या कँपरडाउन गिरणींत सुमारें ५,००० माणसें काम करीत. तिचें २८२ फूट उंचीचें धुराडें अद्याप उभें आहे.

ह्या वैभवाची एक बाजू आपल्याकडची आहे, ती विसरतां कामा नये. यंत्रें येण्यापूर्वीं बंगालमधील हजारों घरांत हातानें ताग कांतून गोणपाट विणीत असत आणि तें परदेशीं जाई. डंडीच्या मागांनीं त्या हातमागांचें काम नेलें. डंडीचें काम पुढें बंगालनें नेलें म्हणून जो शोक तेथें झाला, तो ऐकतांना हा पहिला अंक ध्यानांत असावा.

३

मुंबईंत कावसजी दावर ह्यांनीं १८५४ सालीं कापडाच्या गिरणीची कंपनी काढली, आणि दुसऱ्याच वर्षीं, १८५५ सालीं, कलकत्त्याजवळ रिश्रा येथें जॉर्ज ॲक्लंड ह्यानें तागाची पहिली गिरणी सुरू केली. दोहोंत वर्षभराचेंच अंतर. पण मुंबईची गिरणी देशी पैशाची होती, आणि कलकत्त्याचा पुढील धंदा बहुतांशीं स्कॉच लोकांच्या हातीं वाढला. ॲक्लंडची हकीकत मोठी मार्मिक आहे. तो डंडीस गेला होता तो दुसऱ्याच एका धाग्यासाठीं यंत्रें पाहावयास. तेथील एका यंत्रकारानें त्यास सांगितलें कीं, तें सोडा. ताग जेथें पिकतो तेथेंच त्याची गिरणी काढा. डंडीच्या प्रतिस्पर्ध्यास जन्म देण्याचा सल्ला असा डंडींतच मिळाला.

त्या यंत्रकाराला कोणी घरभेदी म्हणूं नये. त्याचा धंदा यंत्रें विकण्याचा होता, आणि परदेशीं लागणाऱ्या भांडवलाचा पहिला परिणाम काय होतो, तें त्याच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसतें. पहिला परिणाम घरचें काम वाढण्याचाच असतो. कलकत्त्यास गिरणी निघाली कीं तिचे साचे, माग, इंजिनें हीं सारीं डंडी आणि आसपासच्या ओतशाळांतून येत. उर्क्हार्ट, लिंडसे किंवा रॉबर्टसन अँड ऑर्कार अशा कारखान्यांस त्यामुळें भरपूर काम मिळालें. शिवाय गिरण्यांना मास्तर, मुकादम, मिस्त्री हवे असत. तेहि डंडीहूनच जात. घरीं मागावर ज्याला कधीं मान मिळाला नसता, असा तरुण हुगळीच्या कांठीं बंगल्यांत राही, नोकरचाकर बाळगी आणि निवृत्त होऊन गांवीं घर बांधी. १८७४ च्या सुमारास थॉमस डफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं सामनगर येथें गिरणी काढली. पुढें टिटागड आणि व्हिक्टोरिया ह्या गिरण्या निघाल्या. ह्या कंपन्या डंडींतच नोंदलेल्या असून त्यांचे भागधारकहि बरेचसे तिकडचेच होते. म्हणजे एकाच गल्लींत एका घरीं कलकत्त्याच्या गिरणीचा नफा येई, दुसऱ्या घरीं तिच्या यंत्रांची मजुरी येई, आणि तिसऱ्या घरीं तिच्या मास्तराची मनीऑर्डर येई.

चौथ्या घरचें काय? तेथें विणकरीण राहत होती. तिला दुसरा परिणाम भोगावयाचा होता. यंत्र एकदांच विकलें जातें. त्यावर कापड मात्र रोज निघतें. प्रथम कलकत्त्याच्या पोत्यांनीं पूर्वेकडील बाजार घेतला, मग ऑस्ट्रेलिया, मग अमेरिका. कच्चा माल दाराशीं, राणीगंजचा कोळसा जवळ, मजुरी डंडीच्या मानानें नांवाला. त्यांत १८९० नंतर विजेचे दिवे आले, आणि गिरण्या पहांटेपासून रात्रीपर्यंत चालूं लागल्या. शतक संपतां संपतां कलकत्त्याच्या मागांनीं डंडीच्या मागांस मागें टाकलें. १९१३–१४ सालीं बंगालमध्यें ६४ गिरण्या, सुमारें ३६,००० माग आणि २,००,००० हून अधिक कामकरी होते. सबंध डंडी शहराची वस्ती १९०१ सालीं १,६०,००० च्या आसपास होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या आंकड्यांचें वजन कळतें.

मग डंडीस बंगाली मजुरांची दया येऊं लागली. तेथील पार्लमेंटचे सभासद आणि वृत्तपत्रांचे मालक सर जॉन लेंग हे १८९५–९६ च्या हिंवाळ्यांत हिंदुस्थानांत येऊन गिरण्या पाहून गेले. हिंदुस्थानांतील कामाचे तास कायद्यानें कमी करावे, अशी मागणी डंडीहून होऊं लागली. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या कामगारांबद्दल वाटलेला कळवळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या मागणीचा अर्थ फोड करून सांगावयास नको. मागणी मात्र न्याय्यच होती. स्वार्थाच्या तोंडून निघाल्यानें सत्य असत्य होत नाहीं.

४

येथवरच्या हकीकतीवरून वाचकांस वाटेल कीं, डंडीचा पैसा कलकत्त्यास गेला आणि म्हणून डंडीचें काम गेलें. हा समज अपुरा आहे. कलकत्त्याच्या गिरण्यांतील पुष्कळसें भांडवल तेथेंच व्यापार करणाऱ्या युरोपियन पेढ्यांचें होतें. डंडीच्या श्रीमंतांनीं आपल्या पैशाचा मोठा ओघ पूर्वेकडे वळविला नाहीं. तो पश्चिमेकडे, अमेरिकेंत गेला.

त्या ओघाचा भगीरथ रॉबर्ट फ्लेमिंग. १८४५ सालीं डंडींत गरीब घरांत जन्मलेला हा मुलगा एका व्यापारी पेढींत कारकून होता. पेढीच्या कामानें अमेरिका पाहून आल्यावर त्याच्या लक्षांत आलें कीं, यादवी युद्ध संपलेल्या त्या देशांत आगगाड्यांना पैसा हवा आहे, आणि डंडीच्या तिजोऱ्यांत पैसा पडून आहे. १८७३ सालीं त्यानें ‘स्कॉटिश अमेरिकन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट’ काढला. अनेकांचा पैसा एकत्र करून तो अनेक रोख्यांत वांटून लावावयाचा, म्हणजे एक बुडाला तरी बाकीचे तारतील, ही त्यामागची कल्पना. मागणी इतकी आली कीं, ठरविलेली रक्कम दुप्पट करून ३,००,००० पौंड करावी लागली. त्याच सुमारास ऑरेगॉनच्या शेतकऱ्यांस जमिनी गहाण घेऊन कर्ज देणाऱ्या कंपन्या डंडींत निघाल्या. अशाच कंपन्यांच्या एकीकरणांतून १८८८ सालीं अलायन्स ट्रस्ट जन्मास आला. १८८२ सालीं तर डंडीच्या भागधारकांनीं ‘मॅटाडोर लँड अँड कॅटल कंपनी’ काढून टेक्सासमधील लक्षावधि एकर कुरणें आणि त्यांवरील गुरें घेतलीं. तीं १९५१ पर्यंत डंडीच्या मालकीचीं होतीं. ज्या गांवच्या विणकरणीनें गाय पाळणें दूरच, दूधहि मोजून घ्यावें, त्या गांवाच्या मालकीचे कळप टेक्सासांत चरत होते.

स्मिथचा भित्रा व्यापारी येथें अंतर्धान पावला. टपाल, तार, छापील अहवाल आणि फ्लेमिंगसारखा विश्वासू मध्यस्थ ह्यांनीं दूरचें जवळ आणलें. पैशाला घरीं बांधून ठेवणारी दोरी देशप्रेमाची नव्हती, अज्ञानाची होती. ती तुटतांच पैसा मोकळा झाला. श्रमाची दोरी मात्र वेगळ्या धाग्याची असते. भाडें थकलेली खोली, म्हातारी आई, शाळेंतलीं मुलें, ओळखीचा दुकानदार, हें सर्व उचलून टेक्सासला नेतां येत नाहीं.

५

आतां जमाखर्च मांडूं. परदेशीं गेलेला पैसा नाहींसा झाला नाहीं. तो व्याज आणि नफा होऊन परत आला. कोणाच्या हातीं आला, एवढाच प्रश्न आहे. टे नदीच्या मुखाशीं ब्रॉटी फेरी म्हणून उपनगर आहे. तेथें तागाच्या मालकांचे वाडे आहेत. त्या एका मैलाइतकी श्रीमंती युरोपांत दुसरीकडे नाहीं, असें लोक म्हणत. शहरांतहि कांहीं परतलें. बॅक्स्टर घराण्यांतील मेरी ॲन बॅक्स्टर हिच्या देणगीनें १८८१ सालीं कॉलेज स्थापन झालें. सर जेम्स केअर्ड ह्यांनीं भव्य सभागृहासाठीं १,००,००० पौंड दिले. आणि लंडनला जाऊन कोट्यधीश झालेल्या फ्लेमिंगनें १९२९ सालीं गरिबांच्या घरांसाठीं १,५५,००० पौंड दिले. हीं दानें खरीं होतीं. पण दान आणि काम ह्यांत फरक आहे. दान दात्याच्या मर्जीनें आणि त्याला सवड होईल तेव्हां येतें. भूक तेवढी थांबत नाहीं.

गिरणींत काय चाललें होतें? धंद्याच्या भरभराटींत तागाच्या दर चार कामकऱ्यांपैकीं तीन स्त्रिया आणि मुलें होतीं. मुलगा अठरा वर्षांचा होऊन पुरुषाची मजुरी मागूं लागला, कीं त्याला काढून दुसरा पोरगा घ्यावा, अशी रीत पडली होती. म्हणून नवरा घरीं आणि बायको कामावर, असा संसार तेथें शेंकड्यांनीं होता. अशा नवऱ्यांना लोक ‘किटली उकळणारे’ म्हणत. मेरी लिली वॉकर आणि मोना विल्सन ह्यांनीं डंडी सोशल युनियनतर्फे १९०५ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला; त्यांत दाटीचीं घरें, तुटपुंजी मजुरी आणि अशक्त मुलें ह्यांचें जें वर्णन आहे, तें वाचून परळच्या चाळींची आठवण व्हावी. कलकत्त्याशीं टक्कर द्यावयाची म्हणून मजुरी वाढवितां येत नाहीं, असें मालक सांगत. आणि त्यांतील कित्येकांच्या पेटींत कलकत्त्याचे शेअर असत.

मग तें काम जेथें गेलें तेथील मजूर तरी सुखी झाला काय? बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा येथून आलेला तो मनुष्य गिरणीच्या कुबट खोलींत चारचौघांबरोबर निजे आणि वर्षांतून एकदां गांवीं जाई. १९२५ सालीं डंडीचे मजूरपक्षीय सभासद टॉम जॉन्स्टन आणि तेथील ताग-कामगार संघाचे चिटणीस जॉन साइम हे बंगालमध्यें येऊन हें सर्व पाहून गेले. आपले शत्रु म्हणून ज्यांच्याकडे पाहावयाचें, ते आपल्याहून वाईट स्थितींत आहेत, आणि दोहोंच्या कष्टांवर वांटला जाणारा नफा मात्र अवाढव्य आहे, हा त्यांच्या १९२६ च्या अहवालाचा आशय होता. हुगळीची विणकाम-शाळा आणि टेच्या कांठची विणकाम-शाळा ह्यांना एकमेकींविरुद्ध उभें करणारा भागधारक दोन्हीकडे एकच असूं शकतो, ही गोष्ट त्या दोघांनीं प्रत्यक्ष पाहून सांगितली.

पुढें १९३१–३२ च्या मंदींत डंडीच्या ताग-कामगारांपैकीं जवळजवळ निम्मे बेकार झाले. कलकत्त्याच्या मालावर जकात बसवा, असें डंडीनें सरकारास विनविलें. १९३२ च्या ओटावा करारानें उत्तर मिळालें: हिंदी तागाचा माल ब्रिटनमध्यें बिनजकातीच येत राहिला. साम्राज्याचा एकंदर व्यापार तोलतां एका शहराचा धंदा हलका ठरला. राष्ट्राची वही एक आणि गांवाची वही दुसरी. राष्ट्राच्या वहींत जमेची बाजू भरलेली असतांना गांवाच्या वहींत शाईहि वाळून गेलेली असूं शकते.

६

तर मग डंडीनें आपला पैसा घरींच कोंडून ठेवावयास हवा होता काय? माझ्यापुरतें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. डंडीचा एक पौंडहि हुगळीकडे गेला नसता, तरी ताग पिकणाऱ्या देशांत तागाची गिरणी निघालीच असती, आणि तिला यंत्रें लीड्सनें किंवा बेलफास्टनें विकलीं असतीं. शिवाय बंगालनें कायम कच्चा मालच पिकवावा, असें म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

दोष निराळ्याच ठिकाणीं आहे. १८६० पासून १९१४ पर्यंत डंडीच्या हातीं पैसा होता आणि वेळहि होता. कलकत्ता पुढें जाणार हें १८८० नंतर डोळस माणसांस दिसत होतें. जहाजबांधणी, मुरंबे, वृत्तपत्रें असे थोडे अपवाद सोडले, तर त्या पैशांतून गांवांत दुसरा मोठा धंदा रुजविण्याचा प्रयत्न झाला नाहीं. टेक्सासच्या गुरांवर अधिक टक्के मिळत असतांना असा प्रयत्न करणें कोणा एकाच्याहि हिताचें नव्हतें. सर्वांच्या हिताचें होतें. जें सर्वांच्या हिताचें, पण एकाच्याहि नाहीं, तें बाजार आपण होऊन करीत नाहीं. १९२४ सालीं केन्सनें ह्याच धर्तीचा एक साधा मुद्दा मांडला: परदेशच्या शहरास दिलेलें कर्ज बुडालें तर आपल्या हातीं कांहींच उरत नाहीं, आपल्याच शहरांतील घरांसाठीं दिलेलें बुडालें, तरी घरें तर उभीं राहतात. फ्लेमिंगनें दिलेल्या पैशांतून बांधलेलीं घरें डंडींत उभीं आहेत. त्यानें पैसा लावलेल्या आगगाड्यांचे रोखे आज कोणाला आठवतात?

ह्या मताचा पडताळाहि डंडीनेंच दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तागाचा धंदा पुन्हा उतरणीस लागला. पण ह्या वेळीं तशी उपासमार झाली नाहीं. सरकारनें १९४५ च्या कायद्यानें तो प्रदेश विकासासाठीं निवडला होता. सवलती दिल्या होत्या. नवे कारखाने आले होते. उरलेला धंदा १९३९ पासून सरकारी नियंत्रणाच्या आश्रयानें सावकाश आटत होता, आणि त्यांतून सुटलेल्या माणसांस दुसरीकडे जावयास जागा होती. पण त्यांतहि एक धडा लपलेला होता. ते नवे कारखाने बरेचसे अमेरिकन कंपन्यांचे होते. १९४६ सालीं आलेल्या टाइमेक्स ह्या घड्याळांच्या कंपनीनें हजारों बायकांना काम दिलें. तिच्याच कारखान्यांत १९८० नंतर सिंक्लेअरचे स्वस्त संगणक जुळविले जात. आणि १९९३ सालीं कडवट संपानंतर तो कारखाना बंद झाला. एके काळीं ज्या गांवचा पैसा दुसरीकडे नांदावयास गेला, त्या गांवीं दुसऱ्याचा पैसा येऊन नांदला आणि निघून गेला. मागें राहिली ती विद्या: त्या संगणकांवर हात बसलेल्या मुलांतून पुढें संगणकावरील खेळ रचण्याचा धंदा त्या गांवांत उभा राहिला. पैसा पाहुणा असतो. हातांत उतरलेली विद्या घरची होते.

अलीकडच्या संशोधकांनीं अनेक कंपन्यांचे आंकडे तपासून असें दाखविलें आहे कीं, परदेशीं वाढणाऱ्या कंपन्या सरासरीनें घरींहि वाढतात. वर्गांत मीं सांगितलें तें हेंच, आणि तें खोटें नाहीं. पण सरासरीला घर नसतें, गांव नसतें. डंडीचा यंत्रकार आणि विणकरीण ह्यांची सरासरी काढली तर दोघांचें ठीक चाललें होतें असेंच दिसेल. आज प्रवाह उलटहि वाहतो. २००७ सालीं मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या टाटा स्टीलनें ब्रिटनची कोरस ही पोलाद-कंपनी विकत घेतली. आपल्या कंपन्या बाहेर जातात ह्याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो अस्थानीं नाहीं. मात्र अभिमानाबरोबर डंडीचा हिशेबहि शिकला पाहिजे.

तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला. त्याचा पत्ता माझ्यापाशीं नाहीं. म्हणून त्यास द्यावयाचें उत्तर येथें लिहून ठेवतों. बाबा रे, तो नफा तुझ्या घरच्या हिशेबांत मांडावयास जागाच नाहीं. तो दुसऱ्या वहींत आहे, आणि एका वहींतून दुसरींत रक्कम आपोआप उतरत नाहीं. ती कोणीतरी उतरवावी लागते. कराच्या रूपानें, नव्या धंद्याच्या रूपानें, काम गेलेल्या माणसास नवी विद्या शिकविण्याच्या रूपानें ती उतरवितां येते. पण भरभराटीच्या दिवसांत, खातें चालू असतांनाच. दीर्घकाळांत सर्व ठीक होईल, असें मीं तुला सांगितलें होतें. डंडीचा दीर्घकाळ पन्नास वर्षांचा झाला, आणि तेवढ्यांत विणकरणीचें सारें आयुष्य मागापाशीं सरलें. एवढें त्या दिवशींच सांगावयास हवें होतें.